गाण्यातला ‘मी’ आणि पिंजऱ्यातला ‘मी’

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात झुंडीनं केलेल्या मारहाणीसाठी एक खास कलम आहे. कृष्णवर्णीयांना पकडून ठेचणाऱ्या, झाडाला टांगणाऱ्या गोऱ्या जमावांना आळा बसावा म्हणून ते आणलं गेलं होतं. क्वचितच वापरलं जाणारं हे कलम 1993 साली 17 वर्षांच्या एका कृष्णवर्णीय शाळकरी मुलावर लावण्यात आलं. त्याचं नाव अ‍ॅलन आयव्हर्सन.

14 फेब्रुवारीच्या रात्री हॅम्प्टन शहरातल्या एका बोलिंग अ‍ॅलीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पोरांची हाणामारी झाली. खुर्च्या उडाल्या. अटक झाली चौघांना, आणि चौघेही कृष्णवर्णीय. आयव्हर्सननं एका बाईच्या डोक्यात खुर्ची घातली असा आरोप होता; भांडण पेटताच मी तिथून निघालो होतो, असं त्याचं म्हणणं. फुटबॉल आणि बास्केटबॉल अशा दोन्ही खेळांत शाळेला राज्याचं विजेतेपद मिळवून देणारा हा मुलगा. कोर्टानं त्याला सज्ञान समजून खटला चालवला आणि 15 वर्षांची शिक्षा ठोठावली, त्यातली 10 वर्षं स्थगित. चार महिने तो आत होता. मग गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी, अमेरिकेत निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय गव्हर्नरांनी, त्याची सुटका केली. 1995 मध्ये वरच्या कोर्टानं पुरावा अपुरा आहे म्हणून दोषसिद्धीच रद्द केली.

मी कायद्याची विद्यार्थिनी आहे, नागपूरची. शाळेपासून बास्केटबॉल खेळते आणि रॅप ऐकते. आयव्हर्सन मला आधी खेळाडू म्हणून ठाऊक होता: सहा फूट उंचीचा, डोक्याला घट्ट वेण्या, अंगभर गोंदण, आणि स्वतःपेक्षा फूटभर उंच माणसांमधून वाट काढणारा. त्याचा खटला नंतर वाचला, आणि तेव्हापासून पुराव्याचा कायदा शिकताना तो डोक्यातून जात नाही. कारण त्याच्या एकट्याच्या आयुष्यात कोर्ट, खेळ आणि रॅप ही तिन्ही ठिकाणं येतात आणि तिन्ही ठिकाणी त्याच्याशी एकच गोष्ट झाली. त्यानं काय केलं हे पाहण्याआधी तो कसा दिसतो, कसा बोलतो, कुठून आला हे पाहिलं गेलं, आणि तेच उत्तर म्हणून लिहून घेतलं गेलं.

1996 मध्ये तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये आला, 2001 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या नावाचे बूट खपत होते, जाहिरातीत मागे रॅप वाजत होता. त्याच काळात लीगच्याच एका मासिकानं मुखपृष्ठावर त्याचा फोटो छापताना अंगावरची गोंदणं पुसून टाकली. आईचं नाव, मुलीचं नाव, ज्या वस्तीत वाढला तिच्या खुणा लेऊन फिरणारा माणूस, आणि छापायला मात्र कोरी कातडी हवी! 17 ऑक्टोबर 2005 ला लीगनं पोशाखाची नियमावली जाहीर केली. कपड्यांवरून दिसणाऱ्या साखळ्या नकोत, डोक्याला फडकी नकोत, टी-शर्ट नको, घरात गॉगल नको. नियम सगळ्यांना सारखा होता, पण ही यादी कोणाच्या कपाटातून काढली हे समजायला वकिलाची गरज नव्हती. खुन्याला सूट घातला तरी तो खुनीच राहतो, अशा अर्थाचं आयव्हर्सन तेव्हा बोलला होता. मला ते वाक्य पुराव्याच्या कायद्यावरचं फार नेमकं भाष्य वाटतं.

त्याचं रॅप मात्र मला आवडत नाही. 2000 साली त्यानं एक गाणं काढलं, त्यात समलिंगी माणसांबद्दल हिणकस ओळी होत्या, बंदुकीची फुशारकी होती. टीका झाली, लीगच्या प्रमुखांनीही केली, आणि तो अल्बम कधी आलाच नाही. ती टीका योग्य होती असंच मी म्हणेन. रॅपमधल्या कितीतरी ओळींमध्ये बाई म्हणजे सामान असतं. मी बाई आहे, मला ते ऐकताना लागतं, आणि ‘ही तर कला आहे’ म्हणून मी ते गिळून टाकणार नाही. गाण्यावर टीका करा, ते बंद करून टाका, त्याला उत्तर देणारं गाणं लिहा. माझं भांडण त्याच्या पुढच्या पावलाशी आहे: जेव्हा गाणं कोर्टात नेलं जातं आणि ‘बघा, हा असाच माणूस आहे’ असं म्हटलं जातं.

ते पाऊल कुठवर नेतं याचं उदाहरण लुइझियानात आहे. मॅकिन्ली फिप्स, ‘मॅक’ या नावानं गाणारा तरुण रॅपर. 2000 साली एका क्लबमध्ये त्याच्या कार्यक्रमाच्या रात्री गोळीबारात एक मुलगा गेला. फिप्सवर आधीचा एकही गुन्हा नव्हता. दुसऱ्या एका माणसानं गोळी आपण झाडल्याचं कबूलही केलं होतं. तरीही खटला फिप्सवर चालला, आणि सरकारी वकिलानं ज्यूरीसमोर, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर, त्याची गाणी म्हटली. म्हटली कशी, तर एका गाण्याचं धृपद घेतलं, दुसऱ्या गाण्यातली गोळीची ओळ घेतली आणि दोन्ही जोडून एक वाक्य केलं. ती दुसरी ओळ मुळात व्हिएतनाममध्ये लढलेल्या त्याच्या बापाविषयी होती. ज्यूरीत एकमत झालं नाही, बहुमतानंच त्याला दोषी ठरवलं. तेव्हा त्या राज्यात एकमत लागतही नसे, आणि तो नियमही कृष्णवर्णीय ज्यूररांचं मत निष्प्रभ करण्याच्या काळातला. शिक्षा 30 वर्षांची झाली. 2021 मध्ये तो बाहेर आला.

मी हे वाचून बराच वेळ त्या जोडलेल्या वाक्यापाशी थांबले होते. एखाद्या साक्षीदाराच्या जबाबातली दोन वाक्यं तोडून अशी जोडली असती, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानंही हरकत घेतली असती. गाण्याच्या बाबतीत ते खपलं, कारण ऐकणाऱ्यांना ते जोडलेलं वाटलंच नाही. त्यांच्या मनात ते आधीपासून जोडलेलंच होतं.

हा माझा तर्क नाही, तो तपासून पाहिलेला आहे. 1996 मध्ये कॅरी फ्रीड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रयोग केला. पोलिसाला गोळी घालणाऱ्या तरुणाचं एक जुनं लोकगीत, गोऱ्या गायकांच्या त्रिकुटानं पूर्वी गायलेलं. त्याच ओळी त्यांनी लोकांना वाचायला दिल्या. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं हे कंट्री संगीत आहे, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण, मुख्यतः गोऱ्यांचं मानलं जाणारं. काहींना गायक म्हणून कृष्णवर्णीय माणसाचा फोटो दाखवला, काहींना गोऱ्याचा. शब्द अक्षर न् अक्षर तेच. रॅप म्हणून किंवा कृष्णवर्णीय गायकाचं म्हणून वाचणाऱ्यांना ते जास्त धोकादायक वाटलं, त्यावर बंधन हवं असं जास्त वाटलं. वीस वर्षांनी, 2016 मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिलं. रॅप या शिक्क्याचा परिणाम तोच.

म्हणून न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा स्किनर निकाल मला महत्त्वाचा वाटतो. खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात आरोपीच्या वहीतल्या रॅपची 13 पानं ज्यूरीला वाचून दाखवली होती, त्यातलं बरंचसं घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेलं. कोर्टानं दोषसिद्धी रद्द केली. शेरिफला गोळी घातल्याचं गाणं लिहिलं म्हणून बॉब मार्लेनं खरंच तसं केलं असं कोणी धरत नाही, एडगर अ‍ॅलन पोनं कथेतल्यासारखं प्रेत जमिनीखाली पुरलं असंही कोणी धरत नाही, असं निकालात म्हटलं आहे. आणि पुढे कसोटी दिली: गाण्यातला तपशील आणि गुन्ह्याचा तपशील यांच्यात घट्ट, थेट दुवा असेल तरच गाणं पुरावा म्हणून येऊ द्यावं. कॅलिफोर्नियानं 2022 मध्ये कायदाच केला. सर्जनशील लेखन पुराव्यात आणायचं तर न्यायाधीशानं आधी, ज्यूरीच्या अपरोक्ष, त्यातून वांशिक पूर्वग्रह जागा होईल का हे तपासायचं.

आता प्रामाणिक हरकत. टोळीतली माणसंही रॅप करतात, आणि कधी कधी केलेल्या गुन्ह्याचीच बढाई मारतात. जिथे मारलं ती गल्ली, वापरलेलं हत्यार, पोलिसांनीही जाहीर न केलेला तपशील गाण्यात असेल, तर ते गाणं म्हणून सोडून द्यायचं? नाही. स्किनरची कसोटी तेवढी जागा ठेवते, आणि ती असायला हवी. मेलेल्या मुलाच्या आईलाही न्याय हवा असतो. पण ‘मी बंदूक चालवतो’ हा तपशील नव्हे. तो या गाण्याच्या प्रकारातला संकेत आहे. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात दोन्ही बाजूंचे शाहीर रात्रभर एकमेकांना पाण्यात पाहतात, तुझी विद्या मातीमोल करीन म्हणतात, आणि सकाळी एकाच हंड्यातला चहा पितात. तिथला ‘मी’ हा फडातला मी आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रॅपच्या बाबतीत तीच समज शिकलेल्या माणसांना का राहत नाही, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न अटलांटिकपलीकडेच ठेवता आला असता, पण इंटर्नशिपमध्ये एका जामीन अर्जाच्या सुनावणीला मी मागच्या बाकावर बसले होते. किरकोळ मारामारीचं प्रकरण, आरोपी विशीतला, वस्तीतला. सरकारपक्षानं कागदांसोबत मोबाइलवरच्या रीलचे स्क्रीनशॉट जोडले होते. काळा शर्ट, गळ्यात जाड साखळी, बुलेटवर तिरका बसलेला, मागे कुठल्याशा रॅपचे शब्द पट्टीवर आलेले. गाणं त्याचं नव्हतं, बुलेटही बहुधा त्याची नव्हती. खाली टाइप केलं होतं: आरोपी समाजमाध्यमांवर दहशत निर्माण करणारे व्हिडिओ टाकतो. त्या मारामारीशी त्या रीलचा काय संबंध, हे कागदात कुठेच नव्हतं. कोणी विचारलंही नाही. साखळी हेच उत्तर होतं.

आपला कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 49 (जुन्या पुरावा कायद्यातलं 54) सांगतं की फौजदारी खटल्यात आरोपीचं वाईट चारित्र्य हा संबद्ध मुद्दा नाही; आरोपीनं स्वतः चांगल्या चारित्र्याचा पुरावा आणला तरच त्याला उत्तर म्हणून, किंवा चारित्र्य हाच वादाचा विषय असेल तर, ते येऊ शकतं. ज्यूरी तर आपल्याकडे केव्हाच गेली. तरीही जामिनाच्या टप्प्यावर, रिमांडच्या अर्जात, टीव्हीवरच्या बातमीत चारित्र्य मागच्या दारानं येतंच, आणि ते येतं कपड्यांच्या, बोलीच्या, गाण्याच्या रूपात. उच्चभ्रू सोसायटीतल्या मुलानं तशीच साखळी घालून तसंच रील टाकलं तर त्याला आपण फॅशन म्हणतो.

एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन रॅपरांवर त्यांच्या राजकीय रॅपसाठी गुन्हे नोंदवले गेले, एक अंबरनाथला, एक मुंबईत. सत्तांतर, महागाई, लोकांची फरपट, असे त्यांच्या गाण्यांचे विषय. लावलेल्या कलमांत भारतीय दंड संहितेचं 505(2) होतं, म्हणजे गटागटांत शत्रुत्व पसरवणं. सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्येच बिलाल अहमद कालू प्रकरणात सांगितलं आहे की या कलमासाठी किमान दोन गट, दोन समुदाय हवेत. पुढारी आणि मतदार हे त्या अर्थानं दोन समुदाय नव्हेत. भाषा शिवराळ असेल, तर ती आवडली नाही असं म्हणा. ज्या राज्यात सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले, शाहिरांनी तोंडावर सरकारचे वाभाडे काढले, तिथे एका पोरानं मोबाइलवर ठेका लावून तेच केलं तर पोलीस ठाण्याचा रस्ता का?

मला वाटतं ते बोलीमुळे. हाच मजकूर अग्रलेखाच्या मराठीत आला असता तर परखड म्हटला गेला असता. वस्तीच्या मराठीत आला, म्हणून चिथावणी वाटला. फ्रीडबाईंच्या प्रयोगात रॅप हा शिक्का जे काम करतो ते आपल्याकडे बोली करते, आणि बोलीच्या मागे जात उभी असते.

खेळातही हेच, फक्त तिथे शंभर वर्षांची नोंद आहे. पुण्यात पुढे आलेला पळवणकर बाळू हा दलित, डावखुरा फिरकी गोलंदाज 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. त्याची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती, पण चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. कर्णधारपद त्याला मिळालं नाही. 1923 मध्ये ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. चेंडूला विटाळ नव्हता, हाताला होता. फिलाडेल्फियाला, त्याच्या संघाला, आयव्हर्सनचे गुण हवे होते आणि लीगला त्याच्या वेण्या नको होत्या, तेव्हा तेच घडत होतं. काम हवं, माणूस नको. आणि तो माणूस स्वतःच्या आवाजात बोलायला लागला की तो आवाजच त्याच्याविरुद्धचा कागद होतो.

2021 च्या ऑगस्टमध्ये भारताचा महिला हॉकी संघ टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. चार दिवस आधी वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. वडील मे महिन्यात गेले, तेव्हा ती शिबिरात होती, अंत्यसंस्कारालाही जाऊ शकली नव्हती. हरल्याच्या संध्याकाळी हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फुटले, माणसं नाचली. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असं ओरडत जातिवाचक शिव्या दिल्या, अशी तक्रार कुटुंबानं दिली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला.

वर्गात मला विचारलं गेलं: तिथे शब्दांसाठी गुन्हा चालतो, आणि रॅपरच्या शब्दांसाठी चालत नाही, हे कसं? विचारणाऱ्याला मी अडकले असं वाटलं होतं. पण कायदा इथे नुसता शब्द मोजत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(आर) आणि (एस) मध्ये समोर विशिष्ट माणूस लागतो, अनुसूचित जाती-जमातीतला. लोकांच्या नजरेसमोरची जागा लागते. आणि शिवी देणारा त्या समाजाबाहेरचा असावा लागतो, म्हणजे शब्दामागे शतकांचं बळ उभं आहे हे कायदा गृहीत धरतो. वंदनाच्या दारात उभा राहून ओरडणारा माणूस कोणतंही पात्र रंगवत नव्हता. त्याचा शब्द हीच कृती होती, आणि ती एका घरावर नेमकी पडली. मुंगाशांच्या गाण्यानं कोणाच्या दारात कोणाला खाली पाडलं? ज्यांच्याबद्दल गाणं होतं त्यांच्याकडे मंत्रालय होतं. पूर्वग्रहाविरुद्धचा कायदा दुबळ्याच्या हातात राहिला तरच त्याला अर्थ आहे. नाहीतर हॅम्प्टनमध्ये जे झालं ते कोणत्याही कायद्याचं होऊ शकतं.

आणि यासाठी परदेशी निकालांवर विसंबायचीही गरज नाही. 1946 मध्ये माझ्याच शहरात, नागपूर उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल प्रकरणात लिहिलं की शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, धीट माणसाच्या मापानं जोखायचा. डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापानं नाही. इंग्रजांचं राज्य असताना लिहिलेलं हे माप. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेसाठी जामनगरला गुन्हा दाखल झाला, तेव्हा 28 मार्च 2025 ला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयां यांनी तेच माप पुन्हा लावून गुन्हा रद्द केला. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणं खासदाराला जमतं. अंबरनाथच्या गुन्ह्यातल्या मुलासाठी पोलीस ठाणं हेच पहिलं आणि पुष्कळदा शेवटचं न्यायालय असतं.

म्हणून माझी मागणी पोलीस ठाण्यापुरतीच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 173(3) मध्ये, तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीनं 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. प्रतापगढींच्या निकालातच न्यायालयानं म्हटलं आहे की अभिव्यक्तीच्या प्रकरणांत ही चौकशी करणंच उचित. राज्याच्या गृहखात्यानं हे परिपत्रक काढून सक्तीचं करावं. गाणं, कविता, रील यांबद्दल तक्रार आली की अधिकाऱ्यानं ते पूर्ण ऐकावं, तुकडा नाही. कोणत्या दोन समुदायांत शत्रुत्व पसरतं ते नावानिशी लिहावं. गाण्यातला कोणता तपशील कोणत्या घडलेल्या गुन्ह्याशी जुळतो ते लिहावं. आणि रिमांडच्या अर्जाला रीलचा स्क्रीनशॉट जोडला असेल, तर त्याखाली संबंध काय हे एका ओळीत लिहिल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी तो कागद दाखल करून घेऊ नये.